अनुभव धागा: अनोळखी माणसांचे फोटो काढताना तुमची भीड कशी चेपली?

गोदाकाठची
जुनी हार्डडिस्क चाळताना २०१५च्या नाशिकच्या सिंहस्थातले फोटो सापडले. रामकुंडावर एवढी गर्दी आणि माझ्याकडे नुसत्या पाठी! साधूंच्या पाठी, पोलिसांच्या पाठी, एका आजींचा अंबाडा. समोर जाऊन कॅमेरा उचलायचा धीरच नव्हता. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. लिहा तुमचे अनुभव.

बुधवारकर
बुधवारचा बाजार, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदेवर). आधी गवार घ्यायची, भावावरून जरा हुज्जत घालायची, मग "मावशी, एक फोटो काढू?" मावशी पदर सावरून, तराजू उचलून ऐटीत बसतात. तो त्यांचा फोटो, लगेच दाखवायचा. मग तिथंच घुटमळायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की त्या आपल्याला विसरतात. आपला फोटो तेव्हा मिळतो.

पस्तीसवाला
झूम घरी ठेवा. लांबून टिपणाऱ्याचाच लोकांना जास्त संशय येतो. ३५ मिमीची लेन्स, एफ/८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), फोकस हाताने ३ मीटरवर. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) साधारण २ ते ७ मीटरमधलं नीट येतं. दहीपुलाच्या गर्दीत फोकस शोधत बसलात तर धक्केच खाल.

मोबाईलच_बरा
ते राहू द्या, गवार काय भावाने?

बुधवारकर
भाव विचारू नका. फोटोच्या नादात जून निघाली, घरी बोलणी खाल्ली 😂

सिडकोवाली
माझं उलटं. बाई कॅमेरा घेऊन दिसली की चार जण "मॅडम, आमचा काढा ना" करत फ्रेममध्ये घुसतात. रंगपंचमीला रहाडीपाशी (रंगाच्या पाण्याच्या हौदापाशी) तर विचारूच नका. त्यांचा एक काढते, मग पांगतात.

पंचवटीकर
भीड चेपली म्हणून काहीही नको. घाटावर कपडे बदलणाऱ्या बायकांकडे कॅमेरा नाही म्हणजे नाही. दशक्रिया चालू असेल तिथंही नको. वडिलांच्या वेळी एक जण लेन्स रोखून उभा होता. अजून डोक्यात आहे.

गोदाकाठची
@पंचवटीकर, अगदी खरं. वाईट वाटलं वाचून.

सिडकोवाली
+१. आणि प्रिंट नेऊन द्या हो! भांडी बाजारातल्या एका काकांना दिली, त्यांनी ती गल्ल्यामागे लावली. आता शेजारचे दुकानदार मला हटकतात, "आमचा कधी?"

मोबाईलच_बरा
मोबाईलवरच्या फोटोची प्रिंट बरी येते का? कुठे काढता?

सिडकोवाली
चार बाय सहाची मस्त येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल मात्र देऊ नका, मूळच द्या. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते, कुकर लावलाय.