क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय: किट टाकावं की नवाच बसवावा?

जुनं_इंजिन
साठच्या दशकातली गाडी, हायड्रॉलिक क्लच (पेडलकडचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह त्या दाबाने क्लच सोडवतो). रिव्हर्स टाकताना खरखर होते, पेडल दोनदा मारलं की गिअर गुपचूप पडतो. स्लेव्हच्या रबरी बुटात ब्रेक ऑइल साचलंय, मास्टर मात्र बाहेरून कोरडा. अशा वेळी लोक सरसकट नवा सिलिंडर बसवतात, ते मला पटत नाही. किट टाका, म्हणजे कप (आतलं रबरी सील) आणि बूट बदला, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) साफ करा, झालं. जुन्या बॉडीचं ओतकाम आजच्या बऱ्याच नकलांपेक्षा सरस असतं. विरोधी मतं येऊ द्या.

पाना_बारा
विरोध आहेच. कप उगाच गळत नाही. ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल (डॉट ३, डॉट ४) हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी असते, कप एकाच जागी टेकलेला, आणि नेमका त्याच्या आसपास बोअरला गंज धरतो. अशा खड्ड्यावर नवा कप घातला की त्याची ओठाची कड तिथेच घासून जाते. सिलिंडर सुटा करा, पिस्टन काढा, स्पिरिटने पुसा आणि बोअरवरून नख फिरवा. नख अडकलं तर किटचे पैसे पाण्यात.

जुनं_इंजिन
नख अडकलं तर होन मारता येतो की (बारीक दगडांनी बोअर घासून गुळगुळीत करायचा).

पाना_बारा
डाग असेल तर जातो, खड्डा जात नाही. खड्डा जाईपर्यंत घासाल तर बोअर मोठा होतो, आणि मग कप दाबाखाली पिस्टनच्या फटीत चेपला जातो.

लेथवाला
आणि बॉडी कशाची आहे ते आधी बघा. बिडाच्या सिलिंडरला बारीक दगडांचा होन चालतो. ॲल्युमिनियमला ॲनोडाइझ केलेला कडक थर असेल, तर होनने तोच निघतो आणि खाली मऊ धातू उघडा पडतो. महिना-दोन महिने बरं वाटेल, मग काळपट चिखलासारखं ऑइल दिसायला लागेल.

मूळ बॉडी ठेवायची असेल तर स्लीव्ह मारा. बोअर मोठा करून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी बसवायची आणि तिला पुन्हा मूळ मापाचा बोअर द्यायचा. मास्टरला स्लीव्ह मारताना रिझर्व्हॉयरकडे (ऑइलच्या डबीकडे) जाणारं बारीक भोक जागच्या जागी पाडावं लागतं. त्याची आतली कड गुळगुळीत केली नाही तर कप पहिल्या दिवसापासून कातरला जातो. हे काम येणाऱ्याकडूनच करून घ्या.

रिव्हर्सगिअर
एवढा खटाटोप कशाला? नवा स्लेव्ह दोन बोल्ट आणि एक पाइप. संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर.

लेथवाला
त्या नव्याचा बोअर मोजलात का? मास्टर ३/४ इंच आणि स्लेव्ह ७/८ इंच असेल, तर मास्टरचा पिस्टन ३० मिमी सरकल्यावर स्लेव्हचा २२ मिमी सरकतो. बाहेरून तसाच दिसणारा १ इंचाचा स्लेव्ह लावला की तेच १७ मिमीच्या आत येतं. पेडल हलकं लागतं म्हणून माणूस खूश, पण क्लच पूर्ण सुटत नाही. मग दोष प्रेशर प्लेटला (क्लच दाबून धरणाऱ्या तबकडीला).

पाइपाच्या नटाचंही तसंच. ३/८ इंच युएनएफ (इंचाला २४ आटे) आणि एम १० बाय १ (मेट्रिक) डोळ्यांना सारखेच दिसतात. इंचाचा नट मेट्रिक भोकात ढिला ढिला आत जातो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, आणि तरीही हलता कामा नये.

रिव्हर्सगिअर
मान्य. मोजूनच घ्यावा. पण म्हणून नवा वाईट होत नाही. स्लीव्हसाठी बॉडी पाठवून गाडी किती दिवस ठोकळ्यांवर ठेवायची?

निपल_नंबर_८
सगळे स्लेव्हवरच भांडताय. मास्टर बाहेरून कोरडा म्हणजे ठणठणीत, हे कुणी सांगितलं? आतला कप दाब सोडत असेल तर एक थेंबही बाहेर येत नाही, ऑइल कपाला वळसा घालून मागे जातं. मास्टरच्या आउटलेटला बंद प्लग लावा, एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढा आणि पेडल दाबून धरा. दगडासारखं राहिलं तर ठीक, हळूहळू खाली गेलं तर मास्टर संपला.

शिवाय एअर काढताना पेडल पार तळाला मारू नका. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज साठतो. जोरात पंप केलं की कप त्या गंजावरून जातो. स्लेव्ह बदलल्यावर आठवड्यात मास्टर गळायला लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. माझं मत: दोन्ही एकाच वयाचे, दोन्ही एकदमच उघडा. मधला रबरी होजही बदला. तो आतून सुजला की क्लच सोडल्यावर ऑइल परत यायला वेळ लावतं आणि क्लच घसरतो.

जुनं_इंजिन
दोन्ही उघडा हे पटलं. मास्टर चाचणीत पास झाला तरी बदलायचा, हे नाही पटलं.

निपल_नंबर_८
बदला नाही म्हटलं, उघडा म्हटलं. बोअर स्वच्छ असेल तर किट टाका, माझी हरकत नाही. कपाचा ओठ दाबाच्या बाजूला, लावायला ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर रबर फुगून वाया. डॉट ५ सिलिकॉन भरायचा विचार असेल तर जुनं ग्लायकॉल पूर्ण काढल्याशिवाय नको. डॉट ५.१ मात्र नावात ५ असूनही ग्लायकॉलच आहे.

एअर खालून वर काढा: स्लेव्हच्या निपलला (एअर सोडायच्या छोट्या स्क्रूला) नळी लावून सिरिंजने ऑइल हळू वर ढकला, रिझर्व्हॉयर आधी अर्धा रिकामा ठेवा, नाहीतर सांडलेलं ऑइल रंग उचलतं. निपल स्लेव्हच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे ना, ते बघा. उलटा बसला असेल तर कितीही काढा, एअर आतच. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला) साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. ती नसली तर रिझर्व्हॉयरकडचं ते बारीक भोक झाकलेलं राहतं, गरम झालेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि चालता चालता क्लच घसरायला लागतो.

रिव्हर्सगिअर
आणि पेडलची क्लेव्हिस पिन (पेडल आणि पुशरॉड जोडणारी)? भोक लंबगोल झालं असेल तर पेडलच्या चालीतले वरचे कितीतरी मिमी तिथेच जातात.

निपल_नंबर_८
हो, ती सगळ्यात आधी. पेडल हाताने वर-खाली करा. पुशरॉड हलायच्या आधी पेडल किती हलतं ते बघा, मगच सिलिंडर सोडायला घ्या.