मुक्कामी एसटी आणि दारातली गाडी : तुमचे अनुभव लिहा

भोगावतीकाठ
परवा चुलतभावानं चारचाकी घेतली. जुनीच आहे, पण दारात उभी राहिली, नारळ फुटला, पेढे झाले. चाकाखाली लिंबू ठेवता ठेवता चुलती म्हणाली, "बरं झालं बाबा, आता रात्री-अपरात्री कुणाच्या दारात जायला नको." ते ऐकलं आणि मला एक जुनी रात्र आठवली. म्हणून हा धागा.

१९९४ चा पावसाळा. आमच्या वाडीला तेव्हा मुक्कामी एसटी होती. रात्री साडेआठला यायची, देवळापुढं वळवून उभी राहायची, पहाटे पावणेसहाला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे, फारच झोडपलं तर गाडीत. जेवण पाळीनं एकेका घरातनं. त्या रात्री याच चुलतीला गोठ्यात पान लागलं, म्हणजे साप चावला. गावात एकच मोटारसायकल, तिचा मालक परगावी. वडील कंदील घेऊन देवळाकडं पळाले. ड्रायव्हरनं एवढंच विचारलं, "शुद्धीवर हाईत न्हवं?" आणि गाडी चालू केली. चुलतीला मागच्या लांब सीटवर आडवं केलं, आम्ही पाच-सहा जण भोवती. गाडी वाडीतनं बाहेर पडली तशी कंडक्टरनं तिकिटांची पत्र्याची पेटी मांडीवर घेतली, बॅटरी तोंडात धरली आणि एकेक तिकीट पंच करायला लागला. वडिलांनी खिसे चाचपले, काहीच नव्हतं. पैसे त्यानंच पदरचे घातले. म्हणाला, "तिकीट फाडलेलं असलं की उद्या सांगता येतंय, पाशिंजर घेऊन गेलो म्हणून." घाटाच्या वळणावर हेडलाइटमध्ये नुसता पाऊस दिसायचा आणि आत ते टिकटिक.

कोल्हापूरला पोचलो, चुलती वाचली. आज ७६ वर्षांची आहे. ७५ च्या पुढं एसटी फुकट, तिचं कार्ड देव्हाऱ्याशेजारी खुंटीला लावलेलं असतं. पण मुक्कामी गाडी बंद होऊन जमाना झाला आणि शेवटची गाडी आता उजेडातच येऊन जाते. कार्ड घेऊन तिनं रात्री कुठं जायचं?

तर विचारायचं हे आहे. गावात एसटी नीट असती तर तुम्ही गाडी घेतली असती का? घेतलेली सुटली असती का? जे घडलंय ते लिहा.

पेठेतली_शिक्षिका
अंगावर काटा आला वाचून. माझं उलटं झालंय, घेतलेली सुटली. गगनबावडा रोडला शाळा, रोजचं जाणं-येणं. १७ मार्च २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मी स्कूटी घरी ठेवली. पैसा हे एक, दुसरं म्हणजे ऊस. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, फडातला चिखल रस्त्यावर. एकदा तिन्हीसांजेला थोडक्यात वाचले तेव्हाच ठरवलं. आता खिडकीशी बसून वह्या तपासते. फक्त पालकसभा किंवा गॅदरिंग असलं की पोटात गोळा येतो, कारण उशीर झाला तर परतीचं काही खरं नसतं. त्या दिवशी स्कूटीच. म्हणजे विकली नाही अजून, हेही खरं.

नाद_भुदरगडचा
वह्या तपासायला जागा मिळते तुम्हाला, भाग्यवान आहात ताई. आमच्या वेळी गारगोटीला खिडकीतनं रुमाल टाकला तरी त्यावर कोणतरी बसलेलं असायचं. माझी बायको अशीच ओळखीची झाली, तिच्या ओढणीवर मी बसलो होतो. भांडण झालं, मग पुढं लग्न.

पेठेतली_शिक्षिका
अय्या! वहिनींना नमस्कार सांगा.

निवृत्त_वाहक
३१ वर्षं पेटी वागवली, शेवटी मशीन आलं. भोगावतीकाठ, तुमच्या त्या कंडक्टरनं तिकिटं फाडली ते शंभर टक्के बरोबर केलं. वेबिलवर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, तिकीट चढलं की ती फेरी झाली. नाहीतर विनापरवाना गाडी हलवली म्हणून दोघांची नोकरी पणाला. त्यानं चुलतीबरोबर ड्रायव्हरलाही वाचवलं.

आता गाड्या का बंद होतात ते सांगतो. सगळा खेळ भारमानाचा. ४४ सीटच्या गाडीत २२ माणसं म्हणजे ५० टक्के. गावची गाडी सकाळी जाताना खच्चून भरते, येताना मोकळी. संध्याकाळी उलटं. दोन्हीचं मिळून भारमान निम्म्यावर येतं आणि कागदावर ती फेरी तोट्यात दिसते. मग दुपारची फेरी बंद करतात. दुपारची गेली की ज्याला दवाखाना, बँक, तहसील करून दोनला घरी यायचंय तो सकाळचीही सोडतो आणि मोटारसायकल घेतो. मग सकाळचंही भारमान पडतं. गाडी एकदम कधी बंद होत नाही, अशी फेरीफेरीनं जाते.

मुक्कामी गाडी तर खरं म्हणजे स्वस्त पडायची. रात्री मोकळी परत न्यायची नाही, पहाटे मोकळी आणायची नाही. पण चालक-वाहकाला झोपायला खोली, पाणी, संडास पाहिजे. आम्ही देवळात झोपलो, कुणी काही बोललो नाही. आताच्या पोरांनी का झोपावं? आणि आता वाहक म्हणून लेकीबाळीही आहेत. ज्या गावानं खोली दिली तिथं गाडी टिकली, हे मी डोळ्यानं बघितलंय. ग्रामपंचायतीनं सभामंडप बांधताना शेजारी दोन खोल्या बांधाव्यात, माझी कळकळीची विनंती आहे.

वारणेचं_पाणी
काका, भाकरी कुणाच्या घरची चांगली असायची?

निवृत्त_वाहक
नावं घेत नाही, गावात भांडणं लागतील. पण एका आजीचा खर्डा आणि दही अजून जिभेवर आहे. ताटाखाली चटणीची पुडी बांधून ठेवायची, "घरी न्या पोरांना" म्हणून.

आठ_गुंठे
घाईत लिहितोय, धारा काढायच्यात. चारचाकी सुटेल हो, दुचाकी सुटणार नाही. पहाटे दुधाची किटली डेअरीत, मग वैरणीचा भारा, मग पेंडीचं पोतं, औषध मारायचा पंप, पोराला शाळेत. हे काय एसटीत घालू? रानात एसटी येणार आहे का? गावाकडं गाडी म्हणजे बैल आहे आता.

आठ_गुंठे
पुढचं राहिलं. पण आईला महिन्यातनं दोनदा कोल्हापूरला न्यायला लागतं, त्याला दुचाकी चालत नाही. तिचं गुडघ्याचं दुखणं, मागं बसवत नाही. त्यासाठी गाडी भाड्यानं करतो, दिवसाची मजुरी जाऊन वर भाडं. सकाळी जाणारी आणि चारला परत येणारी एसटी असली की आमचं भागलं. तेवढंच मागणं आहे.

वडापवाला
आम्हाला शिव्या घालायच्या आधी ऐका. १८ वर्षं वडाप मारतोय, म्हणजे खासगी गाडीत पाशिंजर भरून नेतोय. वडाप वेळेवर सुटत नाही म्हणता, भरल्याशिवाय सोडली तर डिझेल कोण घालणार? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप झाला, तेव्हा सरकारनंच खासगी गाड्यांना पाशिंजर न्यायची परवानगी दिली होती. तेवढे महिने जिल्हा आम्ही ओढला. पण खरं सांगतो, त्या संपात आमचंही नुकसान झालं. पाच-सहा महिने वाट बघून माणसांनी कर्ज काढून मोटारसायकली घेतल्या. ती माणसं एसटीतही परतली नाहीत आणि वडापातही नाहीत. एसटीला माणूस असला की स्टँडपासनं वाडीपर्यंतचा आम्हाला मिळतो. एसटी जगली तर आम्ही जगतो, हे आता कळतंय.

निवृत्त_वाहक
बरोबर बोललास भावा. आयुष्यभर तुमच्याशी भांडलो मी स्टँडच्या दारात, पण हे बरोबर आहे.

मांडुकली_पलीकडं
पावसाचं कुणी बोलेना. मांडुकलीत पाणी आलं की गगनबावडा रस्ता बंद. एसटी बंद, तुमची चारचाकीही बंद. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही खेपेला घरात आठ लाखांची गाडी उभी आणि औषध आणायला नावेची वाट. त्यामुळं आधी रस्ता उंच करा, मग एसटी का चारचाकी ते बघू.

शिरोळची_माळवं
२०१९ ला आमच्याकडं तर शिरोलीजवळ हायवेच पाण्यात होता, तुम्ही रस्त्याचं काय घेऊन बसलाय. जयसिंगपूरला रेल्वे आहे म्हणून आमचं बरं चालतं, मिरजेला जायला गाडी काढत नाही कोणी. सपाट मुलूख, सायकलही चालते. डोंगराकडच्यांचं खरंच अवघड आहे.

चंदगडी_फणस
आम्हाला कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. कॉलेज, दवाखाना, बाजार सगळं बेळगावला. सीमेवर काही तापलं की दोन्हीकडच्या गाड्या थांबतात. परीक्षेच्या दिवशी असं झालं तर पोरीनं काय करायचं? माझ्या बहिणीला बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतला फुकट पास होता. त्या पासावर ती आमच्या घरात पहिली बारावी झालेली मुलगी. पुढं बेळगावला घालायचं म्हटल्यावर वडिलांनी पहिली गोष्ट विचारली, "संध्याकाळी कितीला घरात येणार?" फी विचारली नाही. वाडीच्या फाट्यापासनं घर अडीच किलोमीटर, मधे जंगल, गव्यांचा कळप असतो. गाडी फाट्यावर सोडायची सातला. वडील रोज बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे, तीन वर्षं. पहिला पगार झाला तेव्हा तिनं वडिलांना न विचारता हप्त्यानं स्कूटर घेतली. ती आता त्यांना घेऊन फिरते.

पेठेतली_शिक्षिका
तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. माझ्या वर्गातल्या दोन पोरींची शाळा अशाच संध्याकाळच्या गाडीपायी सुटली. घरी जाऊन समजावलं, पण गाडी नाही तर मी तरी काय शब्द देणार होते?

पुण्यात_अडकलेला
जोतिबाच्या चैत्र यात्रेला एवढ्या जादा गाड्या सोडतात, डोंगरावर माणूस मावत नाही तरी सगळी पोचतात. म्हणजे ठरवलं तर होतं की. आणि कुणीतरी त्या खर्ड्याची कृती टाका, इथं मिरची पाट्यावर वाटलेली मिळत नाही.

निवृत्त_वाहक
यात्रेच्या गाड्या बाकीच्या आगारांतनं मागवलेल्या असतात. तेवढे दिवस कुठल्यातरी वाडीची फेरी रद्द असते. तिकडं पण माणूस फाट्यावर उभा असतोच.

भोगावतीकाठ
सगळ्यांचं वाचलं, काही चुलतीला वाचून दाखवलं. दोन खोल्यांचं वहिनींच्या कानावर घालतो, त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. चुलतीला ड्रायव्हरचं नाव विचारलं, आठवत नाही म्हणाली. सोलापूरकडचा होता एवढं तिला माहीत आहे, कारण बोलताना "काय की" फार म्हणायचा. त्या दिवाळीला तिनं दोघांना करंज्यांचा डबा दिला होता, स्टीलचा, झाकणावर तिच्या माहेरचं नाव. डबा परत आला तो गूळ घालून. दोघांची बदली झाली आणि मग दुसरे आले.

नव्या गाडीत अजून बसली नाही ती. उलटी होते म्हणते, एसटीत होत नाही.

मांडुकली_पलीकडं
माझ्या आईचं पण हेच. काचा बंद केल्या की मळमळतं.

वारणेचं_पाणी
आलं-लिंबू द्या तोंडात धरायला. बरं, मंगळवारी भाच्याची परीक्षा आहे. रंकाळा स्टँडवरनं कळ्याला सकाळी पहिली गाडी कितीला सुटते, कुणी रोज जाणारं आहे का?

पेठेतली_शिक्षिका
मी असते त्या गाडीला. सहाला माझ्याजवळ आणून सोडा, मी उतरवते त्याला. डबा द्या बरोबर.