पाच आठवडे व्हेंडर यादी साफ केली म्हणजे इंटर्नशिप फुकट गेली का?

तापीकाठ
कालची ती पोस्ट वाचली. जळगावचा एमबीए पहिल्या वर्षाचा पोरगा, पुण्यातल्या कन्सल्टन्सीत आठ आठवडे समर इंटर्नशिप. त्यातले पाच आठवडे क्लायंटची व्हेंडर यादी साफ करण्यात, उरलेले स्लाइडींचे चौकोन एका रेषेत आणण्यात. शेवटी वाक्य: "कारकुनीच करायची तर घर सोडून पुण्याला कशाला जायचं?" खाली टाळ्यांचा पाऊस. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की यादी साफ करणं म्हणजे नेमकं काय. म्हणून हे लांबलचक.

खरेदीच्या फाइलीत एकच पुरवठादार पाच-सहा नावांनी बसलेला असतो. कुठे "मे.", कुठे "मेसर्स", कुठे "अँड सन्स" गाळलेलं, कुठे नावाच्या शेवटी न दिसणारी स्पेस. एक्सेलमध्ये दोन याद्यांतली नावं जुळवायला व्हीलूकअप लावला की एरर. ट्रिम फंक्शननं साधी स्पेस जाते, पण वेबपेजवरून चिकटून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस ट्रिमला दिसतच नाही. ती कॅरेक्टर १६०, सबस्टिट्यूट फंक्शन लावून काढावी लागते. एवढं करूनही नावं जुळत नाहीत तेव्हा जीएसटी नंबर धरायचा. १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची, पुढची दहा म्हणजे पॅन. मिड फंक्शननं तिसऱ्यापासून दहा अक्षरं उचला आणि त्यावर पिव्होट, म्हणजे एकत्र बेरजेचा तक्ता, लावा. रावेरचा २७ नं सुरू होणारा आणि बऱ्हाणपूरचा २३ नं सुरू होणारा, असे जे दोन किरकोळ पुरवठादार दिसत होते, तो एकच मोठा माणूस निघतो. मग त्याच्याशी दर एकदाच बसून ठरवता येतो. पार्टनर शेवटच्या मीटिंगला जे वाक्य टाकतो ना, "तुमची खरेदी विखुरलेली दिसते, पण आहे मोजक्या हातात," ते वाक्य या कॉलमातून येतं. कारकुनी म्हणे.

तारखांचं तर विचारूच नका. फाइल आपल्या पद्धतीची, लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन. ०४/०५ म्हणजे आपली ४ मे, एक्सेल तिला ५ एप्रिल समजतं आणि गप्प बसतं. १५/०५ ला पंधरावा महिना सापडत नाही म्हणून ते नुसतं अक्षर म्हणून पडून राहतं, डावीकडे चिकटलेलं. परिणाम असा की मे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची खरेदी जानेवारी ते डिसेंबर अशी वर्षभर पसरते आणि उरलेली पिव्होटमध्ये महिन्यावर चढतच नाही. एरर कुठेच येत नाही. हे ज्यानं पकडलं त्यानं पाच आठवडे वाया घालवले असं मला कोणी पटवून द्यावं.

चाळीसगाव_जंक्शन
सगळं खरं. आता पैशाचं बोला. कॉट बेसिसची खोली, डिपॉझिट, मेस, दोन-तीन वेळा ट्रॅव्हल्सचं भाडं, हे सगळं बापाच्या खिशातून. स्टायपेंड कधी मिळतो, कधी "सर्टिफिकेट देऊ". आणि त्याच पोराचे तास कंपनी क्लायंटच्या टीममध्ये दाखवते. पॅनची दहा अक्षरं शिकायला हे फार महाग पडलं.

तापीकाठ
बिनपगारी असेल तर जाऊच नये, त्यावर वाद नाही. पण पोस्टमध्ये स्टायपेंडची तक्रार नव्हती. कामाच्या हलकेपणाची होती.

दहावा_मजला
या धंद्यातलाच आहे म्हणून सांगतो, तापीकाठ अर्धंच बोलतायत. यादी साफ करणं हलकं नाही, कबूल. पण ती कशासाठी साफ करायची हे इंटर्नला सांगितलेलंच नसतं. मॅनेजर फाइल पाठवतो आणि लिहितो, "प्लीज क्लीन." प्रश्न माहीत नसला की पोरगा ४,००० नावं सारख्याच प्रेमानं धुतो. प्रश्न खर्च कमी करण्याचा असेल तर आधी रकमेनुसार उतरत्या क्रमानं लावायचं, ८० टक्के खर्च जिथं भरतो तिथं रेघ मारायची आणि रेघेखालची नावं सोडून द्यायची. पाच आठवड्यांचं काम सहा दिवसांत होतं. चूक पोराची नाही, मॅनेजरची आहे.

आणि तुमचा पॅन सगळीकडे चालत नाही. आपल्याकडे बाप एका पॅनवर, पोरगा दुसऱ्यावर, सून तिसऱ्यावर, आणि गोडाऊन एकच. पत्ता, फोन आणि बँक खातं ताडून पाहिल्याशिवाय "मोजक्या हातात" म्हणता येत नाही.

तापीकाठ
बरं. सुनेचा मुद्दा मान्य. मॅनेजरचाही अर्धा मान्य. पोराला विचारायला तोंड होतं की नाही?

सरकी_पेंड
तुम्ही दोघं पुण्यातच फिरा. हेच डोकं घेऊन धरणगाव, चोपडा, जामनेर, कुठल्याही जिनिंगवर, म्हणजे कापसातून रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आठ आठवडे बसला असता तर पोराला उतारा (शंभर कापसाला रुई किती) कळला असता, काटा कळला असता. आणि पॅनचं कौतुक तिथं चालतच नाही. कापूस शेतकऱ्याकडून येतो, त्याला जीएसटी नंबर नसतो, त्या खरेदीचा कर जिनिंगवाला रिव्हर्स चार्जनं भरतो. एका गावातले, एकाच नावाचे तीन पाटील. लावा ट्रिम.

दहावा_मजला
मे महिन्यात जिनिंग? भाऊ, समर इंटर्नशिप एप्रिल ते जून असते. दसरा-दिवाळीला मुहूर्त, मार्चपर्यंत आवक आटली. मेमध्ये बहुतेक ठिकाणी रोलर काढून खाचा पाडायला घेतलेले असतात. पोरगा काय वॉचमनच्या खाटेवर बसून उतारा मोजणार?

सरकी_पेंड
हेच. ज्याला जिनिंग म्हणजे नुसता आवाज वाटतो तो असंच बोलणार. मशीन बंद होतं तेव्हाच वही उघडते. हंगामभराचा कापूस किती आला, रुई किती, सरकी किती, घट किती, हा ताळा मेमध्येच बसतो. १०० क्विंटल कापसाला ३४ रुई धरा. मालकाला वर्षभर वाटत असतं ३४ पडतोय, ताळा येतो साडेतेहतीस. हजार क्विंटलला पाच क्विंटल रुई कुठं गेली? तुमच्या दहाव्या मजल्यावर हा प्रश्न विचारतं का कोणी?

कळण्याची_भाकरी
कुठं गेली म्हणजे काय, पाणी उडालं. डिसेंबरच्या सकाळी माल १२ टक्के ओलाव्याचा येतो, सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ च्या वर दर कापते आणि १२ च्या वर घेतच नाही ते उगीच का? १२ चा ८ झाला, १०० क्विंटलमागे ४ क्विंटल गेले. सोपं गणित. त्याला इंटर्न कशाला हवा.

तापीकाठ
४ नाही, ४.३५.

कळण्याची_भाकरी
आले मास्तर. ०.३५ नं काय बिघडलं?

तापीकाठ
१०० क्विंटलमध्ये १२ पाणी, म्हणजे ८८ कोरडा माल. वाळल्यावर हे ८८ म्हणजे नव्या वजनाचे ९२ टक्के. ८८ भागिले ०.९२, ९५.६५ आले. गेले ४.३५. टक्केवारीतून टक्केवारी वजा करायची नसते, कारण खालचा आकडा बदललेला असतो. हजार क्विंटलला तुमच्या सोप्या गणितात साडेतीन क्विंटलचा खड्डा आहे. नेमका तेवढाच खड्डा मालक हमालाच्या नावावर टाकतो.

कळण्याची_भाकरी
शेतकऱ्याचा कापूस मोजायला कॅल्क्युलेटर घेऊन कोणी उभं राहत नाही. हातात बोंड दाबून भाव ठरतो. उगा कसाले बोलस?

सरकी_पेंड
हातात दाबून भाव ठरतो म्हणूनच शेतकरी मरतो. बरेच ठिकाणी ओलावा मोजायचं यंत्र कपाटात असतं आणि बॅटरी उतरलेली असते. सुई कुठं खुपसली त्यावरही आकडा बदलतो. ट्रॉलीच्या वर ९, आत हात घातला तर १२. निदान चार ठिकाणी बघून सरासरी घ्यावी. आणि हे शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतोय, मालकाच्या नाही, आधीच सांगतो.

दहावा_मजला
थांबा. तुमच्या "पाच क्विंटल कुठं गेली"चं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे आणि तुम्ही तिघं ओरडताय. १०० क्विंटल १२ टक्क्यांचा माल काट्यावर आला, रुई निघाली ३३.५. काट्याच्या वजनावर उतारा ३३.५. पण तोच माल अंगणात वाळून जिनपर्यंत ९५.६५ उरला, त्यावर काढा: ३३.५ भागिले ९५.६५, ३५ टक्के. फिटर म्हणतो ३५, मुनीम म्हणतो ३३.५, दोघंही खरं बोलतायत. मालकाच्या मनातला ३४ तर दोघांच्याही वहीत नाही. भागाकाराच्या खाली कोणतं वजन घेतलं हे कोणी लिहून ठेवत नाही, एवढंच. आणि हो, हेच काम आम्ही करतो. दहाव्या मजल्यावर.

सरकी_पेंड
हे मला आवडलं नाही, पण बरोबर आहे.

आता तुमच्या पोरांची गंमत ऐका. रुईचा भाव खंडीवर असतो. स्लाइडीवाले खंडी म्हणजे २ गाठी धरतात. गाठ १७० किलोची, २ गाठी ३४०. खंडी ३५६ किलोची. साडेचार टक्क्यांहून जास्त फरक, आणि तो सगळा नफ्यावर जातो. म्हणजे सुंदर निळ्या स्लाइडीवर जिन तोट्याची नफ्यात.

दहावा_मजला
झालेलं आहे असं. नाकारत नाही.

चाळीसगाव_जंक्शन
मूळ प्रश्न कुठं गेला? पोरगा इंटर्नशिपबद्दल रडत होता, तुम्ही कापूस पिंजताय. मला कॉलेजचं बोलायचंय. आठ आठवडे राबल्यावर काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रोजेक्ट रिपोर्ट मागतात. कंपनीनं गोपनीयतेच्या करारावर सही घेतलेली, आकडा बाहेर काढायचा नाही. मग पोरं काय करतात? मागच्या वर्षीचा रिपोर्ट, नाव बदललं, छापला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक विचारतो, "सॅम्पल साइज किती?" व्हेंडर यादीची सॅम्पल साइज!

तापीकाठ
यावर उपाय आहे. मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात मेल टाकून लेखी परवानगी मागायची, शेवटच्या दिवशी नाही. क्लायंटचं नाव "पश्चिम महाराष्ट्रातली एक मध्यम उत्पादक कंपनी". रकमा द्यायच्या नाहीत, एकूण खर्च १०० धरून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. पुरवठादार म्हणजे अ, ब, क. पद्धत मात्र पूर्ण लिहायची, कारण पद्धत गोपनीय नसते आणि व्हायवात तीच बोलता येते. कच्ची फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर कधीच घ्यायची नाही. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपवरून मिळणारी नोकरीची ऑफर, तर जाईलच, वर नोटीस.

पोस्टवाला_मीच
सगळं वाचलं. कारकुनी हा शब्द मागे घेत नाही, कारण सबस्टिट्यूट आणि १६० मला कोणी सांगितलं नव्हतं. एरर आलेली नावं मी हातानं टाइप केली. १,१०० नावं. पॅनचा कॉलम फाइलीत होता, तो "नको असलेला" म्हणून मीच उडवला.

दहावा_मजला
मूळ फाइलची प्रत ठेवली होतीस का?

पोस्टवाला_मीच
ऑफिसच्या फोल्डरमध्ये आहे. जून अखेरपर्यंत लॉगिन चालू आहे.

सरकी_पेंड
मग बस की भो. आणि तारखा कोणत्या बाजूला चिकटल्यात ते आधी बघ.