जुन्या टीव्हीवर सिनेमे बघायचेत : स्टिक घ्यावी की बॉक्स? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईबाबांकडे ३२ इंची जुना एलसीडी टीव्ही आहे. स्मार्ट वगैरे काही नाही, पण चित्र अजून छान येतं. चालता टीव्ही भंगारात द्यायला बाबा तयार नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत नाही. नेटफ्लिक्स, प्राइम आणि यूट्यूबवरचे जुने सिनेमे त्यावर दिसावेत, बस. गेम खेळायचे नाहीत.

टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे डोकावले. एचडीएमआय पोर्ट एकच, आणि त्यात सेट-टॉप बॉक्सची वायर. खाली पिवळं-पांढरं-लाल एव्ही इनपुट मोकळं आहे, शेजारी हिरवं-निळं-लाल आणखी एक त्रिकूट. कडेला यूएसबी, त्यावर बारीक अक्षरांत 'फक्त सर्व्हिससाठी' असं लिहिलंय. समोर कोपऱ्यात 'एचडी रेडी'चा स्टिकर.

४के (खूप बारकाव्याच्या चित्राची) स्टिक, म्हणजे एचडीएमआयला लावायचं छोटं स्ट्रीमिंग उपकरण, घेतली तर ती या टीव्हीवर वाया जाईल का? पोर्ट एकच असताना सेट-टॉप बॉक्सचं काय करायचं? आणि ते यूएसबी स्टिकला वीज द्यायला चालेल का? ओळखीच्या एकाने 'सगळं फुकट दिसतं' असा अँड्रॉइड बॉक्स सुचवलाय, पण त्याच्यावर कंपनीचं नावच नाही, त्यामुळे मन धजावत नाही.

– अबोली

वायरमन :
एचडीएमआय आहे म्हणजे मोठी अडचण नाहीच. एचडी रेडी टीव्हीचं पॅनल बहुधा १३६६ × ७६८ चं असतं, त्यामुळे ४के स्टिक लावलीत तरी चित्र तेवढंच दिसणार. स्टिक आपोआप ७२० किंवा १०८० (चित्रातल्या ओळींची संख्या) वर येते, टीव्हीला काही होत नाही.

तरीही सगळ्यात साधी स्टिक घ्या असं मी म्हणणार नाही. वरच्या मॉडेलमध्ये ४के पेक्षा कामाची गोष्ट असते ती रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी. गूगलच्या क्रोमकास्ट या स्टिकचंच बघा : २०२० च्या ४के आवृत्तीला २ जीबी रॅम होती, २०२२ च्या एचडी आवृत्तीला दीड. साठवण दोन्हींत ८ जीबी, त्यातली बरीचशी सिस्टीमच खाते. चार अ‍ॅप टाकली आणि त्यांचे अपडेट आले की मेनू रखडायला लागतो. आईबाबा वैतागतील ते या रखडण्याला, चित्राच्या बारकाव्याला नाही.

सेकंडहँड मात्र घेऊ नका. २०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टचे अपडेट २०२३ मध्ये बंद झाले. मार्च २०२५ मध्ये तर दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टवर एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि गूगलने दुरुस्ती पाठवेपर्यंत लोकांचं कास्टिंग (फोनवरून टीव्हीवर लावणं) ठप्प. टीव्ही जुना चालतो, स्टिक जुनी नको.

यूएसबीचं : नको. यूएसबी २.० पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतो, स्टिकसोबतचा अ‍ॅडॅप्टर साधारण एक अँपिअरचा असतो. सिनेमा रंगात आला की स्टिक रीस्टार्ट होते आणि दोष नेटला दिला जातो. सरळ भिंतीतल्या प्लगला लावा.

उंबरठा :
त्या बिननावाच्या बॉक्सच्या वाटेला जाऊ नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच स्वस्त स्ट्रीमिंग उपकरणांबद्दल इशारा दिला होता : काहींत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आधीच भरलेलं असतं, नाहीतर सेटअप करताना डाउनलोड होणाऱ्या अ‍ॅपमधून शिरतं, आणि मग घरचं इंटरनेट परक्यांच्या उद्योगांना वापरलं जातं. शिवाय अशा बॉक्सना बरेचदा वाइडवाइन एल१ (गूगलच्या कॉपी-संरक्षणाची सर्वात वरची पातळी) प्रमाणपत्र नसतं. मग पैसे भरूनही नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही.

पोर्टसाठी आधी बिनखर्चाचा उपाय करा. सेट-टॉप बॉक्सच्या मागे एव्ही आउट असेल तर तो त्या पिवळ्या-पांढऱ्या-लालवर न्या आणि एचडीएमआय स्टिकला मोकळं करा. साध्या, एसडी चॅनलांना फार फरक पडणार नाही. एचडी चॅनल घेतले असतील तर मात्र चित्र धुरकट दिसेल, मग एचडीएमआय स्विच आणा. दुकानात 'स्विच' असंच सांगा. स्प्लिटर दिला तर परत करा, तो एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना देतो. आपल्याला उलटं हवंय.

अबोली :
दोघांचेही मनापासून आभार! बॉक्सला एव्ही आउट आहे, चॅनल सगळे साधेच आहेत. म्हणजे स्विच नको. आता खरी काळजी रिमोटची. आईला दोन रिमोट सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात तिसरा.

वायरमन :
ज्या स्टिकच्या रिमोटवर टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण आहे तीच घ्या. ती बटणं इन्फ्रारेडवर चालतात, त्यामुळे जुन्या टीव्हीलाही लागू पडतात. सेटअपमध्ये टीव्हीची कंपनी निवडायची. सोर्स बदलायला मात्र बहुतेक टीव्हीचाच रिमोट लागेल. त्या एका बटणावर रंगीत टिकली चिकटवा.

लावल्यावर चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर घाबरू नका. स्टिक डॉल्बी पद्धतीचा आवाज पाठवत असते आणि टीव्हीला फक्त स्टिरिओ कळतो. स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ करा. चित्राच्या कडा कापल्या गेल्या, सबटायटलची खालची ओळ निम्मी गायब झाली, तर टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

पायवाट :
जाता जाता विचारते. माझ्याकडे त्याहून जुना, डब्बा टीव्ही आहे. नुसतं एव्ही, एचडीएमआय नाहीच. मला काही आशा?

उंबरठा :
पायवाट, कन्व्हर्टर मिळतो, पण 'एचडीएमआय टू एव्ही' असाच बघून घ्या. 'एव्ही टू एचडीएमआय' दिसायला अगदी तस्साच असतो आणि तुमच्या काही कामाचा नाही. कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागते. काही कन्व्हर्टर कॉपीराइटचं संरक्षण ओलांडू शकत नाहीत : यूट्यूब दिसतं, नेटफ्लिक्स लावलं की पडदा काळा. त्यामुळे परत घेण्याची अट बोलूनच घ्या. आणि मेनूतली अक्षरं वाचता येतील अशी फार अपेक्षा ठेवू नका. जुने ४:३ सिनेमे मात्र त्या पडद्यावर झकास दिसतात, हे आपलं माझं मत.

अबोली :
शेवटचं एक. राउटर दुसऱ्या खोलीत आहे. वायफाय पुरेल का, हे स्टिक घेण्याआधी कसं कळणार?

वायरमन :
फोन टीव्हीच्या मागे, स्टिक जिथे लटकेल तिथे धरा आणि स्पीड टेस्ट करा. नेटफ्लिक्स १०८० साठी ५ एमबीपीएस सांगतं, ७२० साठी ३. वायफायच्या ५ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यावर कमी आलं तर २.४ वर करून बघा, भिंतींतून ते जास्त लांब जातं. आणि डब्यात एचडीएमआयची आखूड वायर आली तर ती लावाच, स्टिक पॅनलच्या आडून जरा बाहेर येते.