उत्तर: मन्सूर अब्बास नक्की कुणाचे?

प्रेषक: स., रेहोवोत

मंडळी, नमस्कार. पोस्ट-डॉकसाठी इस्रायलमध्ये नवीन आलोय, हिब्रू अजून भाजी घेण्यापुरतंच येतं. लॅबमध्ये इथले अरब नेते मन्सूर अब्बास यांचं नाव निघालं की दोन तट पडतात, आणि दोन्हींत ज्यूही असतात, अरबही. हे गृहस्थ नक्की कुणाच्या बाजूचे?

प्रेषक: द. काका, लोद

स., शालोम.

अब्बास गॅलिलीतल्या मघारचे, जन्म १९७४. हिब्रू विद्यापीठात शिकून दंतवैद्य झाले. (दुसरे अरब खासदार अहमद तिबीसुद्धा तिथलेच, स्त्रीरोगतज्ज्ञ. क्नेसेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, डॉक्टरांची ददात नाही.) गुरू शेख अब्दुल्ला निमर दरविश, इथल्या इस्लामिक चळवळीचे संस्थापक. १९९६ साली ही चळवळ फुटली ती एकाच प्रश्नावर: क्नेसेटची निवडणूक लढवायची की नाही. अब्बास लढवणाऱ्यांतले. हे विसरलास तर पुढचं काही कळणार नाही.

माणूस धर्माच्या बाबतीत कर्मठ. अरब पक्षांच्या संयुक्त यादीतल्या (आघाडीतल्या) डाव्यांशी खटके उडायचे ते समलिंगींच्या प्रश्नावरूनसुद्धा. २०२१च्या सुरुवातीला बाहेर पडले, मार्चच्या निवडणुकीत त्यांच्या राअम पक्षाला चार जागा मिळाल्या, आणि त्या चारांवाचून कुणाचंच गाडं पुढे सरकेना. नेतान्याहूंच्या माणसांनीही चुचकारून पाहिलं, पण कट्टर उजवे स्मोत्रिच आडवे आले. १ एप्रिलला अब्बास नाझरेथहून टीव्हीवर बोलले. मागे इस्लामिक चळवळीचे हिरवे झेंडे आणि भाषण हिब्रूत. आमच्याकडे जेवणं थांबली होती.

मग मे महिना, ज्यू-अरब दंगल पेटली. लोदमध्ये सिनेगॉग जळाली, एक अरब आणि एक ज्यू असे दोन जीव गेले, आम्ही चार रात्री दिवे मालवून बसलो. दंगल निवते न निवते तोच अब्बास जळलेल्या सिनेगॉगमध्ये आले आणि ते पुन्हा उभारायला मदत करू म्हणाले. त्यांच्याच लोकांनी त्यावरून त्यांना धारेवर धरलं. आमच्यातले काही म्हणाले, नाटक. मी म्हणतो, नाटक करायला तरी दुसरं कोण आलं?

२ जूनच्या रात्री, सरकार बनवायची मुदत संपायला तासभरही नसताना, मध्यममार्गी लापिद, उजवे बेनेट आणि अब्बास एका टेबलाशी सह्या करतानाचा फोटो आला. माझ्या थोरल्या भावाने तो पाठवून खाली एवढंच लिहिलं: ‘खरा आहे का?’ १३ जूनला सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी तरलं. अरब पक्ष स्वतःच्या नावाने करार करून सत्तेत बसला, असं आधी कधीच झालं नव्हतं. पदरात काय पडलं? अरब समाजासाठी पाच वर्षांची सुमारे ३० अब्ज शेकेलची योजना, नेगेव वाळवंटातल्या तीन बेदुईन गावांना मान्यता, आणि बिनपरवाना घरांना वीज देणारा कायदा. बाजू कुणाची म्हणतोस, तर मीटर बसला की नाही हे पाहणाऱ्याची.

प्रेषक: मी., हैफा

काका, मीटरचं ठीक आहे, पण किंमत किती मोजली तेही त्याला सांगा की. डिसेंबर २०२१मध्ये अब्बास म्हणाले की हा देश ज्यू राष्ट्र म्हणून जन्मला आणि तसाच राहील. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी देशाला ज्यूंचं राष्ट्र ठरवणाऱ्या राष्ट्र-कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला होता, तेव्हा अरब खासदारांनी भर सभागृहात त्या कागदाचे तुकडे केले होते. तिबी म्हणतात तेच बरोबर वाटतं मला: हा देश ज्यूंसाठी लोकशाही आहे आणि अरबांसाठी ज्यू. माझी अरबीची शिक्षिका हैफाचीच. अब्बासांचं ते वाक्य ऐकल्यावर तिने त्यांना मत द्यायचं नाही असं ठरवलं. तिच्या घरात वीज होतीच, काका. ज्याच्याकडे नाही त्याचा हिशेब वेगळा असणार, हे मलाही कळतं.

प्रेषक: द. काका, लोद

मी., तुझ्या शिक्षिकेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण २०२२च्या नोव्हेंबरात अरब पक्ष तीन चुली मांडून लढले. अब्बासांना पाच जागा, तिबी आणि डावे नेते ओदे यांच्या आघाडीला पाच, आणि तिसरा पक्ष बलद क्नेसेटमध्ये शिरायला लागणाऱ्या सव्वातीन टक्के मतांच्या उंबऱ्याखाली राहिला, त्याची सगळी मतं वाया. कागद फाडणारे आणि मीटर बसवणारे मिळून दहा जागा, आणि नेतान्याहू परत खुर्चीत.

स., तुझी लॅब भांडते ते बरंच आहे. हिब्रू लवकर येईल.