जुन्या गोठ्याचं घर करतोय, सांडपाण्याचं काय करावं?

जवळपास गटार नाही. गवंडी म्हणतो, एकच मोठा शोषखड्डा खणू, संडास-मोरी सगळं त्यात सोडू. पण जमीन चिकणमातीची आणि उताराच्या खालच्या अंगाला विहीर. तेच पाणी मुलं पितात, म्हणून जीव घाबरतो. सेप्टिक टँक बांधली तर भागेल का?

उत्तर १:
टँकने निम्मंच काम होतं. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, पण मधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते गाळते ती माती. म्हणून आधी मातीच तपासा. पाणी मुरवायचं तिथे, त्याच खोलीवर, फूटभर लांब-रुंद खड्डा घ्या. भरून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि पातळी किती वेळात उतरते ते घड्याळ लावून बघा. पावसाळ्यात भूजल वर येतं, तेव्हाचा अंदाजही घ्या.

उत्तर २:
विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, ३० मिळाले तर फारच चांगलं. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवू नकाच.

प्रश्नकर्ता:
खड्डा करून पाहिला. सकाळचं पाणी संध्याकाळी जवळजवळ तेवढंच, कडेची माती साबणासारखी गुळगुळीत.

उत्तर १:
मग शोषखड्डा नकोच, तो तुंबून वर येईल. टँकनंतर विहिरीपासून दूर वाळूचा उंचवटा घालून त्यात छिद्रांचे पाइप टाका. त्यासाठी जाणकार अभियंत्याला जागा दाखवा. आणि छपराचं पाणी टँकमध्ये अजिबात सोडू नका, गाळ ढवळून पुढे वाहतो.