मांजराच्या बॉक्सबाहेर न पसरणारे लिटर कसे निवडावे?

प्रेषक: एक नव्या सभासद
विषय: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी लांब केसांचा एक तरुण बोका आणि एक वयस्क मांजरी आहे. दोघांच्या शौचासाठीच्या बॉक्समध्ये आम्ही ओले झाले की गोळा धरणारे बारीक मातीचे लिटर (म्हणजे मलमूत्र शोषणारे दाणेदार भरण) वापरतो. दुर्गंधीची किंवा साफसफाईची तक्रार नाही, परंतु त्याचे कण घरभर पसरतात. ते पलंगावर, पुस्तकांच्या कपाटापाशी आणि अनवाणी चालताना तळपायालाही सापडतात. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक पिशवीवर ‘लो ट्रॅकिंग’ (पंजांना चिकटून कमी पसरणारे) असे छापलेले असल्यामुळे त्यावरून निवड करणे अशक्य झाले आहे. लाकडी पेलेट्स (दाबलेल्या भुशाच्या कांड्या) घ्यावेत असे काहींनी सुचवले, पण मांजरीने नव्या लिटरवर जाण्यास नकार दिला तर काय करावे, ही धास्ती वाटते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक नव्या सभासद

---

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

स. न. वि. वि.

ताई, नवी पिशवी आणण्यापूर्वी कण नेमके कुठे पडतात हे पाहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. बॉक्सच्या सभोवती हातभर अंतरात जे पडलेले दिसतात, ते मांजराने खणताना किंवा विष्ठा झाकताना मागे उडवलेले असतात. जे बॉक्सपासून दूर, चालण्याच्या वाटेवर विरळ होत गेलेले सापडतात, ते पंजांना आणि बोटांमधल्या केसांना चिकटून आलेले असतात. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. उडणाऱ्या कणांना बॉक्सची उंच भिंत अडवते, मग आत कोणतेही लिटर असो. चिकटणाऱ्या कणांवर मात्र भिंतीचा काहीच उपयोग होत नाही. तिथे कणाचा आकार, वजन आणि कोरडेपणा यांचाच प्रश्न असतो. पिशवीवरचे ‘लो ट्रॅकिंग’ हे शब्द फक्त या दुसऱ्या प्रकाराविषयी असतात, आणि ते छापण्यासाठी कोणती कसोटी लावली हे पिशवीवर सहसा लिहिलेले नसते. त्यामुळे त्या शब्दांना मी फारशी किंमत देत नाही. एका संध्याकाळी बॉक्सभोवती गडद रंगाचा मोठा कागद अंथरून ठेवा आणि सकाळी तो पाहा, म्हणजे आपल्या घरचे दुखणे कोणते ते कळेल.

आता लिटरविषयी. आपण वापरता त्या गोळा धरणाऱ्या लिटरमध्ये बहुधा सोडियम बेंटोनाइट ही माती असते. ओलावा लागताच ती फुगते आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. कण जितका बारीक, तितका गोळा चटकन आणि पक्का बनतो, कारण बारीक कणांमध्ये मोकळी जागा कमी राहते. पण तोच बारीक, ओलावा शोधणारा कण किंचित दमट पंजालाही तितक्याच तत्परतेने चिकटतो. म्हणजे उत्तम गोळा आणि स्वच्छ फरशी या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. लिटर निवडणे म्हणजे या दोहोंमध्ये आपल्याला कुठे थांबायचे ते ठरवणे होय, असे माझे मत आहे. ‘लाइटवेट’ म्हणून मिळणाऱ्या हलक्या मातीबद्दल विशेष सावध राहावे. पिशवी उचलायला सोपी जाते हे खरे, परंतु हलका कण उडतोही सहज आणि केसांत अडकतोही सहज.

बाजारात मातीचेच लिटर घट्ट बसण्यामागे इतिहासही आहे. 1947 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो या व्यावसायिकाने शेजारणीला राख आणि वाळू यांच्याऐवजी दाणेदार फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या कुळातली माती दिली, आणि तिथून हा धंदा उभा राहिला. ती जाडसर माती ओलावा शोषून घेत असे, पण तिचा गोळा बनत नसे. गोळा धरणारी बेंटोनाइटची लिटरे 1980 च्या दशकात आली. जाडसर, गोळा न धरणारी माती आजही मिळते आणि ती बारीक मातीपेक्षा बॉक्समध्ये जास्त टिकून राहते. परंतु तिच्यात मूत्र तळाशी साचते आणि सगळे लिटर वारंवार बदलावे लागते. मला तो सौदा परवडणारा वाटत नाही.

लाकडी पेलेट्स साधारण 6 मिलिमीटर जाडीचे असतात. ते बोटांच्या फटीत शिरत नाहीत आणि बाहेर पडलेच तर बॉक्सपाशीच पडून राहतात, त्यामुळे हाताने उचलून परत टाकता येतात. केवळ फरशीचा विचार केला तर याहून चांगला पर्याय मला ठाऊक नाही. मात्र एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. मूत्र लागल्यावर पेलेट विरघळल्यासारखे फुटून त्याचा भुगा होतो, आणि भुगा मातीइतकाच पसरतो. म्हणून पेलेट्ससाठी तळाला चाळणी असलेला दुहेरी ट्रे घ्यावा आणि तो रोज हलवून भुगा खालच्या ट्रेमध्ये पाडावा. साध्या ट्रेमध्ये पेलेट्स ओतून आठवडाभर तसेच ठेवल्यास त्यांचा मूळ गुणच नाहीसा होतो. कागदाचे पेलेट्सही याच जातीचे आहेत. ते मऊ असतात, पण दुर्गंधी रोखण्यात कमी पडतात.

सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेले ‘टोफू’ लिटर मधल्या जागी बसते. त्याच्या आखूड, बारीक कांड्या मातीपेक्षा मोठ्या आणि लाकडी पेलेट्सपेक्षा लहान असतात, आणि त्यांचा गोळाही बनतो. दमट जागी पिशवी उघडी राहिल्यास त्याला बुरशी धरू शकते, एवढे पथ्य पाळावे. सिलिका जेलचे ओबडधोबड खडे पंजाला फारसे चिकटत नाहीत. गोल मण्यांचा प्रकार मात्र बाहेर पडला की फरशीवर घरंगळत दूरवर जातो, तेव्हा घ्यायचेच असेल तर खडे घ्यावेत. मका, गहू किंवा गवताच्या बियांपासून केलेली बारीक लिटरे गोळा छान धरतात, परंतु वजनाने हलकी असल्यामुळे लांब केसांच्या मांजराबरोबर घरभर फिरतात. आपल्या बोक्यासाठी मी ती सुचवणार नाही.

आपला नम्र,
माजी खजिनदार

---

प्रेषक: पशुवैद्यक सभासद
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

नमस्कार.

खजिनदार काकांचे विवेचन मला मान्य आहे. फक्त एका पक्षाची बाजू त्यात राहिली आहे, ती म्हणजे मांजराची. मांजरांना साधारणपणे बारीक, वाळूसारखे आणि गंधहीन लिटर अधिक आवडते, असे प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांना निवडीच्या चाचण्यांमध्ये आढळलेले आहे. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांतले होते आणि सैल मातीत खणून झाकण्याची त्यांची सवय आजही टिकून आहे, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य नाही. म्हणजे माणसाच्या फरशीला जे सोयीचे, ते मांजराच्या पंजाला सोयीचे असेलच असे नाही. मांजर बॉक्सच्या काठावर तोल सावरत उभे राहत असेल, न खणता घाईने बाहेर उडी मारत असेल, किंवा लिटर सोडून बॉक्सची भिंतच खरवडत असेल, तर आतले लिटर त्याला आवडत नाही असे समजण्यास जागा आहे. शिवाय अशी घाईची उडी लिटर उडवण्याचे स्वतंत्र कारण ठरते.

म्हणून बदल एका रात्रीत करू नये. जुना बॉक्स जसाच्या तसा ठेवून शेजारी दुसऱ्या बॉक्समध्ये नवे लिटर ठेवावे आणि मांजर कुठे जाते ते काही दिवस पाहावे. दुसरा बॉक्स ठेवणे शक्य नसेल तर जुन्या लिटरमध्ये नवे थोडे थोडे मिसळत एक-दोन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. तसेही मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स अधिक असावा असा आमच्या व्यवसायात सर्वसाधारण सल्ला दिला जातो. त्यामुळे आपल्या घरी तीन बॉक्स असले तर ते जास्त मुळीच नाहीत.

वयस्क मांजरीबद्दल वेगळी काळजी घ्यावी लागेल. उतारवयात सांधे दुखत असतील तर कडक पेलेट्सवर उभे राहणे तिला जड जाते, आणि उंच भिंत ओलांडणे तर त्याहूनही जड जाते. तिच्यासाठी तीन बाजूंनी उंच आणि प्रवेशाच्या बाजूने ठेंगणा असा बॉक्स घ्यावा. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या निदान दीडपट असावी. अपुऱ्या बॉक्समध्ये मांजराला धड वळता येत नाही, त्याचे मागचे पाय काठाशी येतात आणि खणलेले लिटर सरळ बाहेर पडते. माझ्या पाहण्यात, लिटर उडण्याच्या कितीतरी तक्रारी केवळ मोठा बॉक्स आणल्यावर निम्म्यावर येतात. लिटरचा थर पाच ते सात सेंटिमीटर पुरतो. काठोकाठ भरलेल्या बॉक्सची भिंत कितीही उंच असली तरी ती नसल्यासारखीच असते.

बोक्याच्या बाबतीत बोटांमधले आणि तळव्याच्या गाद्यांमधले लांब केस वेळोवेळी कापून घ्यावेत. कात्रीऐवजी लहान क्लिपर वापरावा, कारण तिथली त्वचा नाजूक असते. त्या केसांचा पंजा ब्रशसारखे काम करतो आणि ते कायम असेपर्यंत कोणतेही बारीक लिटर बाहेर येतच राहील.

विषयाला थोडे सोडून, पण सांगितलेच पाहिजे असे एक: बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि मूत्र येत नसेल, तर तो लिटरबद्दलचा रुसवा समजू नये. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तसे असल्यास काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

आपली,
पशुवैद्यक सभासद

---

प्रेषक: वाचनालय समितीतील सभासद
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

नमस्कार मंडळी.

बॉक्ससमोर अंथरायच्या मॅटचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहीत आहे. वर भोके असलेला आणि खाली बंद थर असलेला दुपदरी मॅट कण पोटात घेतो आणि नंतर उलटा करून रिकामा करता येतो. तो मांजराला किमान तीन-चार पावले चालावे लागेल इतका लांब हवा, आणि बॉक्स अशा कोपऱ्यात हवा की मॅटवरून गेल्याशिवाय वाट मिळू नये. टोचणारा मॅट घेऊ नये, कारण मग मांजर त्यावरून उडी मारून जाते आणि मॅट कोराच राहतो. वरून प्रवेशाचा बॉक्सही चांगला. त्याच्या झाकणावरच्या खाचांमध्ये पंजे झाडले जातात, परंतु डॉक्टर ताईंनी सांगितल्याप्रमाणे वयस्क मांजरीला तो देऊ नये. केवळ झाकण घातलेल्या बंद बॉक्सबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. उडणारे कण तो अडवतो, पण दुर्गंधी आतच कोंडते आणि आपल्या डोळ्यांआड असल्यामुळे साफसफाईत आळस होतो.

बेंटोनाइट सांडले तर आधी कोरडे झाडावे किंवा व्हॅक्यूम करावे. ओले फडके लावल्यास त्याचा चिखल होतो, आणि तो धुऊन मोरीत सोडल्यास तिथे फुगून पाइप तुंबवतो. टोफूच्या पिशवीवर ‘फ्लश करता येते’ असे लिहिलेले असले तरी मांजराची विष्ठा शौचालयात टाकू नये. तिच्यातून येऊ शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडपुटे सांडपाण्याच्या प्रक्रियेतही तग धरू शकतात.

---

प्रेषक: एक नव्या सभासद
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

खजिनदार काकांच्या सूचनेनुसार कागद अंथरून पाहिला. दूरवरच्या वाटेवरचे कण जवळजवळ सगळे बोक्याचे आहेत, तर बॉक्सच्या काठाशी पडलेले ढीग मांजरीचे आहेत. ती एका बाजूला तोंड करून बसते आणि मागे जोरात खणते. म्हणजे एकाच घरात दोन्ही दुखणी आहेत. तेव्हा दोघांना वेगवेगळे लिटर दिले तर चालेल का? आणि दोघेही एकमेकांच्या बॉक्समध्ये जात असतील तर या वाटणीला काही अर्थ राहतो का?

---

प्रेषक: पशुवैद्यक सभासद
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

चालेल, आणि अर्थही राहतो. मांजरे बॉक्स वाटून घेत नसली तरी आवडीनुसार एखाद्या बॉक्सकडे अधिक वळतात. मांजरीचे सध्याचे बारीक लिटर बदलू नका. तिला फक्त मोठा, तीन बाजूंनी उंच बॉक्स द्या, तेवढ्याने तिचा प्रश्न बहुतांशी सुटेल. दुसऱ्या बॉक्समध्ये टोफूच्या कांड्या ठेवून पाहा. एकदम लाकडी पेलेट्सकडे जाण्यापेक्षा बोक्याला ते सोपे जाईल. तिसऱ्या बॉक्समध्ये तूर्त जुनेच लिटर राहू द्या. बोका कांड्यांवर नियमित जाऊ लागला, की मग तिसऱ्यातही कांड्या भरा. बॉक्स मात्र एकाच खोलीत ओळीने मांडू नका, कारण मांजरे अशा ओळीला एकच मोठी जागा समजतात आणि धीट मांजर दुसऱ्याची वाट अडवू शकते.

---

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: लिटर बॉक्सबाहेर पसरते, सल्ला हवा

ताई, टोफूची मोठी पिशवी लगेच विकत घेऊ नका. आमच्याकडे एक उघडलेली, पण हवाबंद डब्यात कोरडी ठेवलेली आहे, आणि आमच्या मांजराने ती नाकारली आहे. एक बॉक्स सहज भरेल एवढी आहे. मंडळाच्या पुढील बैठकीला येताना घेऊन येतो. आपल्या बोक्यानेही नाकारली, तर ती या यादीवरील पुढच्या इच्छुकाकडे द्यावी.